नाचऱ्या लाह्यांची साक्ष

"आई, मागे हो!"

योसेलिन ओरडली, पण तोवर भडका उडाला होता. भप्प! प्लॅस्टिकच्या कॅनच्या तोंडातून हातभर ज्वाळ वर आली आणि पत्र्याच्या नरसाळ्याभोवती नाचू लागली. ब्रिहिदा, म्हणजे योसेलिनची आई, कोल्पानी गावच्या पेट्रोलच्या शेडवर काम करायची. ती मागे झाली नाही. तिने पायाजवळचं ओलं पोतं उचललं आणि सरळ त्या ज्वाळेवर दाबून धरलं. एक... दोन... तीन... ज्वाळ विझली. तिने पोतं काढलं तेव्हा तिची डावी भुवई जळून गेली होती.

"महिन्यात दुसऱ्यांदा!" मागून गर्जना झाली. कासिमिरो! गावातल्या गाडीवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष, शेडचा कारभारी, आणि आवाज असा की कुरणातले लामा प्राणीसुद्धा चरायचे थांबत. "दुसऱ्यांदा आग लावलीस, ब्रिहिदा!"

"मी काहीही पेटवलेलं नाही," ब्रिहिदा धापा टाकत म्हणाली.

"महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धरतीच्या पूजेची धुपाची शेगडी कुणी आणली होती इथे?"

"दाराबाहेर ठेवली होती. सगळेच ठेवतात. आणि आज शुक्रवार नाही. शेगडी घरी आहे."

"तेव्हाचा एखादा निखारा राहिला असेल!"

"तीन आठवडे?" मध्येच एक बारीक आवाज आला. हा ग्रोवर, योसेलिनचा दहा वर्षांचा भाऊ. "काका, तीन आठवडे जळणारा निखारा असेल तर आम्हालाही द्या की! झोपताना पाय गोठतात आमचे!"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. कासिमिरोचा चेहरा लाल झाला. मग त्याने आवाज खाली आणला, आणि त्याचा खालचा आवाज वरच्यापेक्षा वाईट असे.

"निखारा नसेल, तर मग ताता सांतियागोच तुझ्यावर कोपलाय. आपल्या गावचा संत, विजेचा मालक तो. त्याची आग पुन्हा पुन्हा एकाच बाईला का शोधते? तीन दिवसांनी त्याचा सण. त्या दिवशी गाव जमेल. शेड तर तुला सोडावीच लागेल. गाव सोडायचं का, ते गाव ठरवेल."

एवढं बोलायला त्याला अर्धं मिनिट लागलं, आणि तेवढ्यात एका बाईचं आयुष्य नासलं. ब्रिहिदा शेडच्या दारात पावही विकायची. त्या संध्याकाळी शेजारची नासारियामावशी आली, सकाळी नेलेले चार पाव तिने टोपलीत परत ठेवले आणि नजर न उचलता म्हणाली, "राग मानू नकोस गं. घरात लहान मुलं आहेत."

हीच नासारिया! तिच्या दोन्ही बाळंतपणांत ब्रिहिदा रात्र रात्र जागली होती. भ्यालेली माणसं हिशेब विसरतात. योसेलिनने दात-ओठ खाल्ले आणि ती थेट लिम्बर्टच्या घराकडे धावली.

लिम्बर्ट तेरा वर्षांचा. तिकडे हिवाळा जुलैत असतो; त्या थंडीच्या सुट्टीतही तो शाळेची पुस्तकं वाचायचा, म्हणून सगळा वर्ग त्याला 'म्हातारा' म्हणायचा.

"म्हाताऱ्या, ऊठ! तीन दिवस आहेत आपल्याकडे."

"कशाला?"

"ती आग कुणी लावली ते शोधायला."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रोवरसकट तिघं शेडच्या मागे पोचली. समोर मिठाचं मैदान पार क्षितिजापर्यंत पांढरंफेक पडलेलं. ऊन कडक, पण हवा एवढी गार आणि कोरडी की ओठ बोलताना फुटत. कासिमिरोचा ट्रक तिथेच उभा होता. ट्रकच्या हौद्यात मेंढीची कातडी अंथरलेली, आणि तिच्यावर नवे कोरे, निळे प्लॅस्टिकचे कॅन.

"कातडी कशाला?" लिम्बर्टने विचारलं.

"थंडीने कॅनचा तळ तडकतो म्हणून," योसेलिन म्हणाली. "आता कॅन खाली उतरवतच नाहीत. इथेच, कातडीवर ठेवून भरतात. वाकायला नको ना साहेबांना!"

ग्रोवर एव्हाना हौद्यात चढलाही होता. एका हातात क्विनोआ नावाच्या बारीक धान्याच्या लाह्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने तो एक रिकामा कॅन कातडीवर घसरगुंडीसारखा पुढे-मागे ढकलत होता. थोड्या लाह्या सांडल्या.

"ताई!" तो किंचाळला. "लाह्या उड्या मारतायत!"

खरंच! कातडीवर पडलेल्या लाह्या टणाटण उडून कॅनला चिकटत होत्या. आणि त्यातल्या काही, चिकटल्या न चिकटल्या तोच कुणीतरी टिचकी मारल्यासारख्या दूर फेकल्या जात होत्या.

"भूत आहे कॅनमध्ये!" ग्रोवर एका उडीत खाली.

"भूत नाही, गाढवा," लिम्बर्टचे डोळे मात्र चमकले. "घासल्यामुळे होतंय हे. लोकर आणि प्लॅस्टिक एकमेकांवर घासलं की लोकरीतले इलेक्ट्रॉन प्लॅस्टिकवर जातात. प्लॅस्टिकवर ऋण भार साठतो, लोकरीवर धन. प्लॅस्टिकमधून तो वाहून जात नाही, आणि हवा ही अशी कोरडी. जाणार कुठे? बसून राहतो. म्हणून या विजेला स्थिर विद्युत म्हणतात."

"पण लाह्यांना कुठे कुणी घासलं?" ग्रोवरने कमरेवर हात ठेवले.

लिम्बर्टने एक लाही चिमटीत उचलली. प्रश्न चांगला होता. "कॅनवरचा ऋण भार लाहीतल्या ऋण भाराला मागे लोटतो. मग लाहीची पुढची बाजू धन होते. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, म्हणून लाही उडी मारते. चिकटली की कॅनचा थोडा ऋण भार तिलाही मिळतो. मग दोघं सारखेच झाले! सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. म्हणून ती फेकली जाते."

"म्हणजे तू आणि ताई," ग्रोवर म्हणाला. "दोघंही हट्टी. एकत्र बसवलं की भांडण!"

योसेलिन हसली नाही. ती हळूहळू कॅनजवळ वाकत होती. तिच्या वेणीच्या टोकाचे सुटे केस आपोआप उठले आणि कॅनकडे ताठ उभे राहिले. अजून ती कॅनपासून वीतभर लांब होती.

"न शिवताच ओढतंय हे," ती पुटपुटली.

"शेगडीला न शिवता ऊब लागते ना? तसंच समज. भाराच्या आजूबाजूच्या सगळ्या जागेत त्याचा जोर पसरलेला असतो. त्यालाच विद्युत क्षेत्र म्हणतात. जवळ जावं तसा जोर वाढतो."

"आणि फारच वाढला तर?"

लिम्बर्टने आधी कॅनच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"बोल ना, म्हाताऱ्या!"

"तर मधली हवा फुटते," तो हळूच म्हणाला. "भार उडी मारतो. ठिणगी पडते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नरसाळ्याच्या तोंडाशी ठिणगी. आणि तिथे पेट्रोलची वाफ.

"प्लॅस्टिकच्या नळीतून पेट्रोल घासत येतं," योसेलिन एकेक शब्द जोडत म्हणाली. "पत्र्याचं नरसाळं प्लॅस्टिकच्या कॅनवर. कॅन लोकरीवर. आणि वरून आईच्या अंगात लोकरीचा स्वेटर. म्हणजे आग कुणी लावलीच नाही! ती तिथे तयार होत होती!"

"थांब," लिम्बर्ट म्हणाला. "तुझी आई चार वर्षं पेट्रोल भरतेय. मग याच हिवाळ्यात का?"

* * *

कारण विचारायचं तर ताता आयाविरीला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस; वडीलधाऱ्यांना गाव 'ताता' म्हणे. तरुणपणी त्याच्यावर वीज पडली होती आणि तो वाचला होता, म्हणून धूप, नैवेद्य, आजारपण, सगळ्याला गाव त्याच्याकडे जाई. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे.

"डाव्या कानात ओरड!" तो म्हणाला. ऐकून घेतल्यावर तो असा हसला की त्याचे उरलेसुरले दात दिसले. "ताता सांतियागो कोपलाय? जुलैत? अरे, माझ्यावर वीज पडली तेव्हा आभाळ काळंठिक्कर होतं! तो ढगांवर बसून पावसाळ्यात येतो. कोरड्या आभाळातून येऊन कासिमिरोच्या कॅनमध्ये कशाला बसेल? त्याला दुसरी कामं नाहीत?"

"मग ताता, पूर्वी कधीच आग का लागली नाही?"

"पूर्वी लोखंडी कॅन होते. खाली जमिनीवर ठेवायचे. आणि साबिनोची तार होती."

"कसली तार?"

"साबिनो शेड सांभाळायचा. गेला बिचारा. पेट्रोलच्या पिंपाच्या पायाशी त्याने लोखंडाचा गज पुरला होता, मिठाच्या ओल्या थरापर्यंत. गजापासून पिंपाला तांब्याची तार, आणि तिचाच एक फाटा नरसाळ्याला. रोज सकाळी गजाच्या मुळाशी वाटीभर खारं पाणी ओतायचा. आपण प्यायच्या आधी पहिला घोट पाचामामाला, धरतीला देतो ना? तो म्हणायचा, पेट्रोलमध्ये जे काही जमतं त्यातला वाटा धरतीला आधी गेला पाहिजे. लोक हसायचे त्याला."

तिघं शेडकडे पळत सुटली.

गज होता! पिंपाच्या लाकडी घोडीखाली, मिठाने पांढरा पडलेला. त्याला बोटभर लांबीची जाड तार अजून गुंडाळलेली होती. बाहेरून जुनी, हिरवी पडलेली. टोक मात्र पकडीने चेपून कापलेलं आणि आतून लालचुटुक.

"ताजी कापलेली आहे," लिम्बर्ट कुजबुजला.

"कुणी?"

"आईला वाटलं असेल, झिजून तुटली. पण कुणी कापली ते कळलं तर आई सुटली," योसेलिन म्हणाली. "नाहीतर म्हणतील, हिनेच कापली."

दोन दिवस त्यांनी गाव पालथा घातला. कुंपणं पाहिली, कपडे वाळत घालायच्या तारा पाहिल्या, भंगाराचा ढीग उपसला. ग्रोवरने तर बँडवाल्यांच्या ढोलात डोकं घालून शिव्या खाल्ल्या. तार नव्हती. घरात ब्रिहिदा निमूटपणे कपड्यांची गाठोडी बांधत होती, आणि योसेलिनला ते बघवत नव्हतं.

* * *

ताता सांतियागोचा दिवस उजाडला. चर्चसमोर बँड वाजत होता, आणि आशीर्वाद घ्यायला गावातल्या सगळ्या गाड्या नटून उभ्या होत्या. कागदी फुलं, झिरमिळ्या, फुगे. सगळ्यात झकपक कासिमिरोचा ट्रक! त्याच्या नाकावर लाल-पिवळ्या फुलांची केवढी तरी मोठी कमान.

"ताई," ग्रोवरने तिची बाही ओढली. "कमान कशाने बांधलीय बघ."

तार. जाड, हिरवी पडलेली तांब्याची तार!

योसेलिन पुढे झेपावणार एवढ्यात ट्रक घरघरला आणि शेडकडे वळला. कासिमिरोने खिडकीतून हात बाहेर काढला. "चला रे सगळे! आज स्वच्छ हाताने पेट्रोल भरलेलं बघा! आग लागते का ते बघूच!"

अख्खा गाव त्याच्यामागे निघाला. बायका, कडेवरची मुलं, ढोलवाले. पेट्रोलने भरलेल्या पिंपाभोवती सगळे कोंडाळं करून उभे राहिले!

तिघं गर्दीतून घुसत पुढे पोचली तेव्हा उशीर झाला होता. हौद्यात कातडीवर कॅन, कॅनवर नरसाळं, त्याच्या माणसाने सोडलेली पेट्रोलची धार नळीतून चालू. कासिमिरो गाडीच्या प्लॅस्टिकच्या सीटवर ऐटीत बसून हात हलवत होता. अंगात नवा कोरा लोकरीचा पोंचो, डोक्यातून घालायची घोंगडी.

"तो आता सीटवरून घसरून उतरणार," लिम्बर्टला घाम फुटला. "पोंचो सीटवर घासणार... आणि मग तो नरसाळ्याला हात लावणार!"

"काका!" योसेलिन जिवाच्या आकांताने ओरडली. "उतरू नका! हात लावू नका!"

"हाकला त्या पोरीला!"

नळी बंद करायलाच हवी होती. तोटी पिंपाला होती, कॅनपासून चार हात लांब. योसेलिन धावली आणि मध्येच थबकली. तिच्याही अंगात लोकरीचा स्वेटर होता. गर्दीत अंगं घासत आली होती ती. ठिणगी तिच्याच बोटात असली तर?

ती गुडघ्यांवर पडली आणि तिने दोन्ही हातांनी साबिनोचा गज घट्ट धरला. बोटांना बारीक चटका बसला. चट्!

"बघा, ही पण पूजा करतेय!" कुणीतरी खिदळलं.

तिने तोटी फिरवली. धार थांबली.

"काय चाललंय?" कासिमिरोने दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

तेवढ्यात त्याच्या छातीवर एक काठी आडवी आली. काठीच्या दुसऱ्या टोकाला ताता आयाविरी.

"बस तिथेच. पोरांना काहीतरी सांगायचंय. मला डाव्या कानाने ऐकायचंय."

ताताची काठी बाजूला सारायची हिंमत कासिमिरोलाही नव्हती.

"आधी सगळे मागे चला," लिम्बर्टने दोन्ही हात पसरून गर्दी अडवली. "चर्चपर्यंत! काका, तुम्ही पलीकडच्या दाराने उतरा. त्या कॅनला घटकाभर कुणी शिवायचं नाही."

* * *

चर्चच्या अंगणात, शेडपासून पुरेसं लांब, भिंतीच्या काळोख्या सावलीत लिम्बर्टने मेंढीचं कातडं अंथरलं. त्यावर एक कोरा, कधीच पेट्रोल न पाहिलेला कॅन. त्यावर पत्र्याचं नरसाळं. ग्रोवर खुर्चीवर चढला आणि प्लॅस्टिकच्या नळीतून कोरडा क्विनोआ नरसाळ्यात सोडू लागला. सळसळ सळसळ... एक पिशवी. दीड पिशवी.

"जेवण बनवताय का रे?" कासिमिरो हसला. त्याच्याबरोबर चार जण हसले.

योसेलिनने काचेची बरणी पुढे आणली. झाकणातून आत गेलेली तार, तिच्या खालच्या टोकाला चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या. "हा आमचा विद्युतदर्शी. बघा, अजून शिवलेला नाही."

बरणी वीतभर लांब होती, तरी पट्ट्या एकमेकींपासून फाकल्या. गर्दीत कुजबुज झाली.

"चांदीचा कागद हलला! वा!" कासिमिरोने टाळ्या वाजवल्या. "म्हणून ब्रिहिदा निर्दोष? दाण्यांनी आग लागते?"

"मग लावा की हात," योसेलिन म्हणाली. "नरसाळ्याला. तुमचे हात स्वच्छ आहेत ना?"

नाही म्हणायची सोय कासिमिरोने स्वतःच ठेवली नव्हती. त्याने पोंचो झटकला, ऐटीत पुढे झाला आणि बोट लांबवलं.

चट्ट!

सावलीत निळी ठिणगी सगळ्यांनी पाहिली. "आई गंऽऽ!" करत गावचा अध्यक्ष मागच्या मागे जमिनीवर बसला!

कुणीही हसलं नाही. सगळ्यांना एकदमच कळलं होतं की थोड्या वेळापूर्वी हाच हात कुठे जाणार होता, आणि आपण मुलांना कडेवर घेऊन कुठे उभे होतो.

"हे दाणे होते," योसेलिन म्हणाली. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात धार. "तिथे पेट्रोल होतं. माझ्या आईच्या हाताखाली दोनदा हीच ठिणगी पडली, आणि दोन्ही वेळा तिने पोतं टाकून तुमची शेड वाचवली! साबिनोआजोबांची तार असती तर नरसाळ्यावरचा भार जमिनीत गेला असता. ती तार कुणीतरी कापली."

"कुणी?" ताता आयाविरीने विचारलं.

"मला काय माहीत?" कासिमिरो उठत म्हणाला. "चोर कमी आहेत का गावात?"

"काका," ग्रोवर खुर्चीवरूनच बोलला, "तुमच्या ट्रकवरची फुलं कुणी बांधली?"

लिम्बर्टने गजावरून सोडवून आणलेला तुकडा वर धरला. दोन माणसं ट्रककडे गेली आणि फुलांची कमान घेऊन आली. तारेचं एक टोक चेपलेलं होतं. तुकड्याशी जोडून धरलं तर पकडीचा दात दाताला जुळला.

कासिमिरो खाली बघू लागला. "ती नुसती लोंबत होती," तो पुटपुटला. "मला वाटलं, उगाच..."

"तुला वाटलं!" ताता आयाविरीने काठी आपटली. "शोभेसाठी तार कापलीस, वाकायला नको म्हणून कॅन लोकरीवर चढवलेस, आणि दोष संताच्या आणि एका बाईच्या माथी मारलास! आम्ही सगळे म्हातारे माना डोलवत बसलो, ते वेगळंच. पोरांनो, विजेने मला एक कान बहिरा दिला, पण अक्कल आज तुम्ही दिलीत. या गावाचं शहाणपण आज सुट्टीवर होतं. शाळेची पोरं तेवढी कामावर होती!"

आता मात्र हशा झाला. बँडवाल्याने उगाचच ढोलावर एक दणका दिला.

"थांबा," ब्रिहिदा म्हणाली. जळक्या भुवईखालचे तिचे डोळे कासिमिरोवर होते. "शेडवर बोललास ना? सगळ्यांसमोर बोललास. मग आताही सगळ्यांसमोर बोल."

कासिमिरोने टोपी काढली. "चूक माझी होती," तो म्हणाला.

"मोठ्याने! ताताला डाव्या कानानेच ऐकू येतं."

"चूक माझी होती, ब्रिहिदाताई!"

त्याच दुपारी ट्रकवरची तार परत गजावर गेली. एक फाटा पिंपाला, एक नरसाळ्याला. निळे कॅन बाद झाले, जुने लोखंडी कॅन माळ्यावरून खाली आले आणि सरळ जमिनीवर ठेवले गेले. ब्रिहिदाने वाटीभर खारं पाणी गजाच्या मुळाशी ओतलं, मग गाठोड्यातून आपला एप्रन काढला आणि कमरेला बांधला.

शेडच्या दारात नासारियामावशी केव्हाची घुटमळत होती. शेवटी ती पुढे आली. "चार पाव दे गं," ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

ब्रिहिदाने पहिला पाव तिच्या हातावर ठेवला. बोटांना बोटं लागली. चट्!

नासारिया दचकली. सगळे श्वास रोखून बघत राहिले.

"ताता सांतियागो नाही हं, मावशी!" ग्रोवर घाईघाईने ओरडला. "तुमची लोकरीची शाल आहे ती!"

नासारियाने पाव टाकला नाही. उलट तिने ब्रिहिदाचा हात घट्ट धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.